दिनविशेष : २२ जुलै – सासूबाईंचं लग्न
२२ जुलै २०१९ रोजी झी मराठीवर ‘अग्गंबाई सासूबाई’ ही मालिका सुरू झाली. निवेदिता सराफ यांची आसावरी सतत स्वयंपाकघरात, लाडावलेल्या मुलाच्या, बबड्याच्या, आवडीचं रांधण्यात गुंतलेली. या विधवा सासूचं शेफ अभिजित राजेंशी, म्हणजे गिरीश ओक यांच्याशी, लग्न व्हावं म्हणून झटली ती सून शुभ्रा. अडून बसला तो पोटचा मुलगा. मालिकेचं खरं मोल इथेच आहे. मुलं पुण्याला नोकरीला अन् आई किंवा बाबा घरी एकटे, अशी घरं आज वर्धा, आर्वी, हिंगणघाटातही आहेत. अशा आईने किंवा बाबांनी जोडीदार शोधला, तर ‘लोक काय म्हणतील?’ हे आधी घरातलेच विचारतात. कायद्याची मात्र आडकाठी नाही : हिंदू विवाह कायद्यात लग्नाचं किमान वय ठरलेलं आहे, कमाल वय नाही.