कोणतं टर्मिनल? आधी सांगा, कधीचं?

गेल्या आठवड्यात मुरबाडच्या एका मुलीचा मेसेज आला. एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पहिल्यांदाच पोस्टर घेऊन दुसऱ्या राज्यात परिषदेला चालली आहे. "दादा, तिकिटावर मुंबई टी२ लिहिलंय. पण घरचे म्हणतात देशातलं विमान सांताक्रूझवरून सुटतं. मग मी नक्की कुठं जाऊ?"

उत्तर एका ओळीचं होतं: तिकिटावर लिहिलंय तिथंच जा. ते लगेच पाठवलं. पण मेसेज वाचून मला माझीच एक सकाळ आठवली. त्यातून मी संशोधनाचा जो धडा शिकलो तो एका ओळीत मावत नाही, म्हणून ही पोस्ट.

माझी सकाळ

मीही तेव्हा एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होतो. पोस्टर स्वीकारलं गेलं होतं. विमानाचं तिकीट आईनं बचत गटातून उचललेल्या पैशातून काढलं होतं. आमच्या घरात तोवर कुणी विमानात बसलं नव्हतं, पण विमानतळ माहीत असलेले एक जण होते: काका. नव्वदच्या दशकात ते शहापुरात टुरिस्ट गाडी चालवायचे. आखाती देशांत कामाला जाणाऱ्यांना त्यांनी कितीतरी वेळा विमानतळावर सोडलं होतं. त्यांनी मला ठामपणे सांगितलं, "देशातलं विमान सांताक्रूझला, फॉरेनचं सहारला. डोळे झाकून जा."

मी खरोखरच डोळे झाकून गेलो. आसनगावहून पहाटेची लोकल, घाटकोपरला मेट्रो, वेस्टर्न एक्स्प्रेस हायवे स्टेशनला उतरून रिक्षा. दारावरच्या जवानानं तिकीट पाहिलं आणि म्हणाला, "ये टी-टू का है. सहार जाओ."

नकाशावर दोन्ही टर्मिनल शेजारी-शेजारी दिसतात. पण मधे विमानांचा सगळा परिसर आहे, तिरकी धावपट्टी आहे. आतून चालत जायची सोय नाही, बाहेरच्या रस्त्यानं चार-पाच किलोमीटरचा वळसा घ्यावा लागतो, तोही सकाळच्या ट्रॅफिकमधून. मी पोचलो तेव्हा काउंटर बंद झालं होतं. पुढचं विमान मिळालं, पैसे दुप्पट गेले, आणि मी परिषदेत पोचलो तेव्हा पोस्टरचं सत्र संपलं होतं. माझ्या नंबरचा बोर्ड कोरा होता.

चूक माझीच होती. तिकिटावर टी२ छापलेलं होतं, मी ते वाचलं नव्हतं. पण बरेच दिवस मला काकांचा राग आला होता. तो गेला, कारण पुढे मी या विमानतळाचा इतिहास वाचला आणि लक्षात आलं की काका खोटं बोलले नव्हते. त्यांनी जे सांगितलं ते एका काळात शब्दशः खरं होतं.

काकांचं वाक्य कधी खरं होतं?

सुरुवात जुहूपासून करू. मुंबईचं पहिलं नागरी विमानतळ जुहूला, १९२८ मध्ये सुरू झालेलं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन उतरले ते जुहूलाच. पण ती समुद्रालगतची सखल जागा. पावसाळ्यात मैदानात पाणी भरायचं, आणि मोठ्या विमानांना ती पुरणारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझला ब्रिटिश हवाई दलाचा तळ होता. १९४६ मध्ये तो नागरी वापरासाठी मिळाला. तेव्हा नवीन इमारत कुठली असणार? हवाई दलाचे दोन रिकामे हँगर होते, तेच टर्मिनल झाले. एक हँगर देशातल्या प्रवाशांना, दुसरा परदेशी जाणाऱ्यांना. काकांच्या वाक्यातली वाटणी अशी थेट १९४६ पर्यंत मागे जाते. फाळणीनंतर कराची पाकिस्तानात गेलं आणि मुंबईवरची वाहतूक भराभर वाढली. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला निघालं. १९५० मध्ये सुरू झालेलं नव्या टर्मिनलचं बांधकाम पूर्ण होऊन ते १९५८ मध्ये वापरात आलं. या काळात देशातलं असो की परदेशातलं, दोन्ही सांताक्रूझलाच.

मग आली जंबो जेट. एअर इंडियाचं पहिलं बोइंग ७४७ १९७१ मध्ये आलं. एका विमानातून साडेतीनशेच्या आसपास माणसं उतरणार, आणि खाली टर्मिनल जुन्या मापाचं. हा ताण येणार हे आधीच दिसत होतं. १९६७ मध्ये नेमलेल्या टाटा समितीनं परदेशी प्रवाशांसाठी वेगळं टर्मिनल सुचवलं होतं. १९७२ मध्ये भारतीय आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरण स्थापन झालं आणि त्यानं सहारला, म्हणजे धावपट्टीच्या पलीकडच्या अंगाला, नवं टर्मिनल उभारायला घेतलं. १९८१ पासून परदेशी विमानांचे प्रवासी सहारला जाऊ लागले आणि सांताक्रूझ देशांतर्गत प्रवासासाठी उरलं. काकांचं वाक्य इथं जन्माला आलं.

आता ते वाक्य कधी मेलं ते बघा. सहारच्या जुन्या इमारती टप्प्याटप्प्यानं पाडून त्याच जागी आजचं टी२ उभं राहिलं. १० जानेवारी २०१४ ला त्याचं उद्घाटन झालं आणि १२ फेब्रुवारीला तिथून आंतरराष्ट्रीय उड्डाणं सुरू झाली. पण ही इमारत फक्त परदेशी प्रवाशांसाठी बांधलेली नव्हती. १ ऑक्टोबर २०१५ ला एअर इंडियाची देशातली विमानं टी२ ला गेली. २०१६ मध्ये आणखी कंपन्या गेल्या. त्या दिवसापासून 'देशातलं म्हणजे सांताक्रूझ' हा नियम राहिला नाही. कंपनी कुठली आणि उड्डाण कुठलं, यावर टर्मिनल ठरू लागलं.

म्हणजे काकांचं ज्ञान साधारण १९८१ ते २०१५ या काळाचं होतं. चौतीस वर्षं टिकलेला नियम कुणालाही कायमचाच वाटणार. त्यांनी गाडी विकली २००५ च्या सुमाराला. त्यांच्यासाठी विमानतळ तिथंच थांबला होता.

संशोधनात याचा काय संबंध?

माझी पीएचडी जमिनीच्या वापरात झालेल्या बदलांवर आहे. जुने टोपोशीट आणि उपग्रहांची चित्रं एकमेकांवर ठेवून बघायची, की शेत कुठं होतं, जंगल कुठं होतं, वस्ती कधी वाढली. पहिल्या वर्षी मी एक टोपोशीट त्याच्या छपाईच्या वर्षाचं म्हणून वापरलं. गाईडनी कोपऱ्यातली बारीक ओळ दाखवली. सर्वेक्षणाचं वर्ष वेगळं होतं, छपाईच्या कितीतरी आधीचं. म्हणजे मी ज्या वर्षाचं जंगल समजून मोजत होतो, ते त्या वर्षी तिथं असेलच असं नव्हतं. मला लगेच काका आठवले. वाक्य खरं, तारीख चुकलेली.

म्हणून आता कुठलाही स्रोत हातात घेतला की मी तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

पहिला: ही माहिती कधीची आहे? लेख कधी छापला हे नव्हे, त्यातलं निरीक्षण कधीचं, हे. २०२० मध्ये कोविडच्या काळात टी१ बंद झालं आणि मुंबईची प्रवासी उड्डाणं टी२ वरून होऊ लागली. १० मार्च २०२१ ला टी१ पुन्हा उघडलं. मधल्या काळात कुणी लिहिलं असेल की "मुंबईत सगळी विमानं टी२ वरून सुटतात", तर ते खरं आहे. फक्त तेवढ्याच महिन्यांपुरतं.

दुसरा: त्या काळी या गोष्टीला काय म्हणायचे? वर्तमानपत्रांच्या जुन्या अंकांत तुम्ही 'छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळ' शोधलंत तर १९७० सालचं काहीच सापडणार नाही. शिवाजी महाराजांचं नाव विमानतळाला १९९९ मध्ये दिलं गेलं, त्यात 'महाराज' हा शब्द २०१८ मध्ये जोडला गेला. त्याआधीचं हवं असेल तर 'सांताक्रूझ' शोधा, ऐंशी-नव्वदच्या दशकासाठी 'सहार' शोधा, अगदी सुरुवातीसाठी 'जुहू'. मधल्या काळातल्या कागदांवर १ए, १बी, २ए, २बी, २सी अशीही नावं भेटतील. त्या इमारतींपैकी काही आज नाहीत. शहराचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण तिकिटावरचा कोड अजून बी-ओ-एमच आहे. नावं कधी वस्तूच्या आधी मरतात, कधी वस्तू गेल्यावरही जगतात.

तिसरा: नाव आणि जागा एकच आहेत का? ज्याला सगळे सांताक्रूझ विमानतळ म्हणायचे ते टी१ प्रत्यक्षात विलेपार्ले पूर्वेला आहे. कुणी 'सांताक्रूझ' ऐकून सांताक्रूझ स्टेशनला उतरलं तर चुकलंच. आपल्या अभ्यासातही गाव, महसुली गाव आणि ग्रामपंचायत यांची नावं सारखी असतात, पण हद्दी सारख्या असतीलच असं नाही.

हा खेळ फक्त प्रवाशाचा नाही

कुणी म्हणेल, विमान चुकलं तर दुसरं मिळतं. पण तारखेचा हाच प्रश्न आपल्या जवळच, कल्याणलगत नेवाळीला, किती महाग पडलाय बघा. तिथं दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी धावपट्टी बांधली, त्यासाठी आजूबाजूच्या गावांतल्या शेतकऱ्यांची जमीन घेतली. युद्ध संपलं, विमानं थांबली, शेतकरी पुन्हा तिथं पिकं घेऊ लागले. कागदावर मात्र ती संरक्षण खात्याचीच राहिली. जून २०१७ मध्ये नौदलाच्या कुंपणाच्या कामावरून आंदोलन पेटलं.

एक बाजू म्हणते, चाळीसच्या दशकातला कागद बघा. दुसरी म्हणते, त्यानंतरची सत्तर वर्षं बघा. उपग्रहाचं चित्र घेतलं तर धावपट्टीची खूणही दिसते आणि शेतंही दिसतात. कोणत्या तारखेचा पुरावा मोजायचा यावर घरं चालतात किंवा मोडतात. मुरबाड-शहापूरच्या कुणाला संशोधनासाठी विषय हवा असेल तर लांब जायची गरज नाही.

आता त्या मुलीसाठी, आणि पहिल्यांदा जाणाऱ्या सगळ्यांसाठी

तिकिटावरचं टर्मिनल आदल्या रात्री पुन्हा वाचा, आणि विमान कंपनीच्या ॲपवर एकदा तपासा. कंपन्या टर्मिनल बदलतात.

टी१-टी२ च्या आधी विमानतळाचा कोड बघा. ८ ऑक्टोबर २०२५ ला नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमानं सुटतात. त्याचा कोड एन-एम-आय. तो उलवे-पनवेलच्या बाजूला आहे, अंधेरीत नाही. पुढच्या पाच वर्षांतली फसगत इथं होणार आहे, कारण 'मुंबईचं विमान' या शब्दांचा अर्थ नुकताच बदललाय.

मुरबाडहून एसटीनं कल्याण, शहापूरवाल्यांनी आसनगावहून लोकल. फास्ट लोकलनं घाटकोपर, तिथून मेट्रो १ नं मरोळ नाका, तिथं मेट्रो ३ बदलायची. ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, माझ्या वेळी नव्हती. पहाटेचं विमान असेल तर मेट्रो सुरू व्हायची वाट बघू नका, आदल्या रात्रीच निघा.

मरोळ नाक्यानंतर स्टेशनं ओळीनं येतात: टी२, सहार रोड, टी१, सांताक्रूझ. काकांच्या डोक्यातला विमानतळ आणि तुमच्या तिकिटावरचा विमानतळ, दोन्ही त्या पाटीवर एकाखाली एक आहेत. सहारला जायचं म्हणून सहार रोडला उतरू नका. टी२ त्याच्या आधीच येतं.

मुलीचा परवा पुन्हा मेसेज आला. टी२ लाच गेली, वेळेत पोचली, पोस्टर लागलं. बोर्डासमोर उभी असलेला फोटोही पाठवलाय. खाली लिहिलंय, "दादा, घरच्यांना सांगितलं, तुमचं पण बरोबर होतं, फक्त जुनं होतं." मला हे कळायला एक कोरा बोर्ड लागला होता.