खिडक्यांचा कारभारी

गाझियाबादेत चाकरीनिमित्त स्थायिक झालेल्या एखाद्या मराठी गृहस्थाने आपल्या जुन्या संगणकावर लिनक्स बसविले, की त्याच्यापुढे प्रश्न उभा राहतो: पडद्यावरील खिडक्यांचा कारभार कोणत्या प्रणालीकडे सोपवावा? श्रोतेहो, ही निवड करण्याचा अधिकार त्याला कसा लाभला, याची कथा उद्बोधक आहे.

१९७३ साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधनकेंद्रात, 'आल्टो' हा संगणक सिद्ध झाला. त्याचा उभा पडदा अवघा ६०६ बाय ८०८ बिंदूंचा. तेवढ्यात अनेक कामे मावावीत कशी? ॲलन के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेजावरील कागदांचा कित्ता गिरविला. कागदावर कागद ठेवता येतो आणि हवा तो वर घेता येतो. तरंगत्या खिडकीचे मूळ हे. गंमत अशी, की १९८१ साली त्याच झेरॉक्सने 'स्टार' यंत्र काढले, तेव्हा खिडक्या फरशांसारख्या शेजारी शेजारी बसविल्या. १९८५ च्या पहिल्या विंडोजनेही तोच मार्ग धरला. खिडकीवर खिडकी येण्याची मुभा तिथे १९८७ साली मिळाली. दोन्हीकडे निर्णय कारखानदाराचा होता.

१९८४ साली एमआयटीत बॉब शाइफ्लर प्रभृतींनी आरंभिलेल्या 'एक्स' प्रणालीने मात्र निराळा पायंडा पाडला. पडद्यावर आकृती उमटविण्याचे साधन आम्ही देऊ, खिडक्या कशा मांडाव्यात हे आम्ही ठरविणार नाही, असे तिचे धोरण. त्यामुळे व्यवस्थापक हीदेखील इतरांसारखीच एक प्रणाली ठरली. पटली नाही तर बदलावी. १९८७ साली टॉम लास्ट्रेंज यांनी 'टीडब्ल्यूएम' लिहिली. तिच्यातूनच १९९३ साली रॉबर्ट नेशन यांनी 'एफव्हीडब्ल्यूएम' घडविली, आणि तीही स्मृतीची उधळपट्टी टळावी म्हणून.

आपल्या गृहस्थाच्या जुन्या यंत्राला हीच काटकसर हवी. 'ओपनबॉक्स' सुटसुटीत खरी, पण तिच्यात कामांची पट्टी नाही, ती वेगळी जोडावी लागते. 'आइसडब्ल्यूएम' पट्टीसह येते. नवख्याने, माझ्या मते, तिथूनच प्रारंभ करावा.

२००८ पासून 'वेलँड' ही नवी व्यवस्था आकाराला आली. तिच्यात चित्र जुळविणारा आणि खिडक्या सांभाळणारा बहुधा एकच असतो. कारभारी बदलायचा म्हणजे सारी कचेरीच बदलायची. 'लॅबडब्ल्यूसी'ने ओपनबॉक्सची रीत तिथेही चालू ठेवली आहे.