भगव्याचा आकडा आणि 'सैरंध्री'चे रंग

डोंबिवलीहून ठाण्याकडे निघालेल्या लोकलमध्ये हा भाग ऐकत असाल, तर एक गंमत करा. भगव्या झेंड्याचा एकच फोटो तुमच्या फोनवर आणि शेजारच्या मित्राच्या फोनवर उघडून बघा. रंगात थोडा तरी फरक दिसेलच. फाईल एक, आकडे तेच. मग रंग बदलला कुठे? आजचा भाग या प्रश्नाच्या इतिहासावर.

सुरुवात कोल्हापुरातून. १९२९ साली तिथे प्रभात फिल्म कंपनी उभी राहिली. व्ही. शांताराम, दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी असे पाच भागीदार. १९३३ च्या 'सैरंध्री'त त्यांनी थेट रंगीत सिनेमाला हात घातला. शूटिंग इथे, पण रंगीत प्रती काढायच्या जर्मनीत. शांताराम स्वतः तिकडे गेले. एवढा खटाटोप केला, पण पडद्यावर रंग काही मनासारखे उतरले नाहीत. पुढे 'संत तुकाराम', 'कुंकू' हे प्रभातचे गाजलेले सिनेमे कृष्णधवलच आले. शांतारामांना रंगाचं मोठं यश मिळालं ते १९५५ मध्ये, 'झनक झनक पायल बाजे'ला. म्हणजे तब्बल २२ वर्षांनी!

अडचण कुठे होती? त्या काळच्या बायपॅक पद्धतीत कॅमेऱ्यात दोन फिल्म एकमेकींना चिकटून धावायच्या. एक निळा-हिरवा प्रकाश टिपायची, दुसरी तांबडा. तिघांचं काम दोघांत भागवायचं, त्यामुळे काही रंग हातचे सुटणारच. शिवाय सेटवरचा शालू नेमका कसा लाल होता, हे दूरच्या लॅबमधल्या माणसाला सांगायचं कसं? रंग आकड्यांत मांडायची आंतरराष्ट्रीय पद्धत १९३१ मध्ये ठरली होती खरी, पण ती तेव्हा शास्त्रज्ञांची भाषा होती.

आज आपल्याकडे आकडे आहेत, तरी भांडण संपलेलं नाही. मी सॉफ्टवेअरवाला माणूस. आमच्या ठाणे-डोंबिवली पट्ट्यात घरून व्हिडिओचं काम करणारे मित्र हीच तक्रार घेऊन येतात. समजा फोटोशॉपमध्ये भगवा घेतला: २५५, १५३, ५१. न्यूकसारख्या कंपोझिटिंग सॉफ्टवेअरमध्ये आकडे शून्य ते एक असे चालतात, म्हणून प्रत्येकाला २५५ ने भागलं. आले १, ०.६, ०.२. ते टाकले, तर भगव्याच्या जागी फिकट पीच रंग! गणित बरोबर, रंग चूक. आणि क्लायंट म्हणतो, 'आमचा भगवा पुसट का केलास?'

कारण असं. फोटोशॉपमधले नेहमीचे आकडे एसआरजीबी पद्धतीचे. ही पद्धत एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये, त्या वेळच्या काचेच्या मॉनिटरचा स्वभाव धरून मांडली. तिच्यात १२८ म्हणजे अर्धा प्रकाश नव्हे, फक्त २२ टक्क्यांच्या आसपास. कंपोझिटिंगमध्ये मात्र दोन दिव्यांचा उजेड एकमेकांत मिसळतो तसे थर मिसळायचे असतात, म्हणून तिथे खऱ्या प्रकाशाचा हिशेब, म्हणजे लिनियर आकडे. त्या हिशेबात आपला भगवा होतो १, ०.३१९, ०.०३३. आकडे वेगळे, पण पडद्यावर रंग तोच.

आफ्टर इफेक्ट्समध्ये दुसरीच गोष्ट. प्रोजेक्टला वर्किंग स्पेस दिलीच नसेल, तर ते आकडे जसेच्या तसे उचलतं. फोटो एसआरजीबी असेल तर निभावतं. पण तो अडोबी आरजीबीमध्ये सेव्ह केलेला असेल, तर आकडे जुळतात आणि रंग मलूल दिसतो.

म्हणजे नुसता आकडा हा रंग नसतो. 'पाच' म्हटल्यावर रुपये की डॉलर, हे सांगावं लागतं ना? तसंच २५५, १५३, ५१ म्हटल्यावर 'कुठल्या पद्धतीत' हे सांगावं लागतं. म्हणून फाईल पाठवताना प्रोफाइल आत ठेवा, प्रोजेक्टची वर्किंग स्पेस ठरवा आणि समोरच्याला दोन्ही लिहून कळवा. मग 'रंग तू बिघडवलास की मी' हा वाद निम्म्याहून जास्त मिटतो.

'सैरंध्री'च्या वेळी प्रभातकडे जिद्द होती, पैसा होता, कलाही होती. दोन टोकांना जोडणारी रंगाची एक भाषा तेवढी नव्हती. आपल्याकडे ती आहे, फुकट आहे, एका मेनूत दडलेली आहे. ती वापरायची तेवढी बाकी आहे. भेटू पुढच्या भागात!