तळटीप : रणकालीन पंतप्रधान आणि मतदारांचा कौल

१. लेखकाचा निर्देश १९९९ च्या लोकसभा निवडणुकीकडे आहे. १७ एप्रिल रोजी अवघ्या एका मताने विश्वासदर्शक ठराव गमावलेले अटलबिहारी वाजपेयी कारगिलच्या युद्धात केवळ काळजीवाहू पंतप्रधान होते. आणि नियंत्रणरेषा न ओलांडण्याचा त्यांचा हुकूम हा मुत्सद्द्याचा संयम म्हणावा, की ५२७ सैनिकांच्या प्राणहानीत त्याचाही वाटा मानावा, तसेच घुसखोरीची खबर वेळेवर न लागल्याचा दोष कोणाच्या खाती जमा करावा, हे प्रश्न अनिर्णित असतानाच सप्टेंबर-ऑक्टोबरात मतदान उरकले. घुसखोरीच्या चौकशीसाठी जुलैअखेर नेमलेल्या के. सुब्रह्मण्यम समितीचा अहवाल डिसेंबरात तयार झाला. म्हणजे साक्षीपुरावा तपासला जाण्यापूर्वीच फिर्यादीचा निकाल लागला! लेखकाने उल्लेखिलेले पंचकुला ज्यात मोडते तो अंबाला मतदारसंघ, आणि हरियाणातील उर्वरित नऊही, भाजप व ओमप्रकाश चौटालांच्या भारतीय राष्ट्रीय लोकदलाच्या युतीने जिंकले. लष्कराच्या पश्चिम विभागाचे मुख्यालय असलेले चंडीमंदिर पंचकुल्याच्या वेशीवरच असता, येथील मतदारास युद्ध केवळ वर्तमानपत्रांतून कळले, हे लेखकाचे गृहीतक प्रस्तुत संपादकास मान्य नाही.