खाशाबांच्या पदकामागचं घर

आमच्या चौसाळ्यात कुस्तीचा विषय निघाला की पोरं मोबाइलवर ऑलिम्पिकचे व्हिडिओ काढतात. मी त्यांना खाशाबा जाधवांबद्दल सांगतो.

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा १९४८ला लंडनमध्ये सहावे आले. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये दिले. आपल्या या जुन्या विद्यार्थ्यावर त्यांचा तेवढा भरवसा होता. खाशाबांनी कांस्य आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक; पुढच्यासाठी १९९६ उजाडलं.

खाशाबा पोलिसांत गेले, १९८४ला अपघातात वारले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर.

खाशाबांचं नाव पोरांनी ऐकलेलं असतं. खर्डेकरांचं नसतं. तेही ठाऊक असावं, म्हणून हे लिहिलं.