अळवाचे पान आणि डिंक



अळवाच्या पानावर पाणी ठरत नाही, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. तोच न्याय काही प्लॅस्टिकांना लागतो, हे मात्र कित्येक कारखानदारांना अजून पुरते उमगलेले नाही. त्या अज्ञानाची किंमत कामगार देतो, म्हणून आम्ही आज डिंकावर बोलत आहोत.

२७ मार्च १९३३ रोजी इंग्लंडात विनिंग्टन येथे फॉसेट आणि गिब्सन यांना, प्रचंड दाबाखाली इथिलीन वायू कोंडलेल्या पात्रात, मेणासारखा पांढरा पदार्थ आढळला. ते पॉलिथिलीन. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना टेफ्लॉन सापडले. १९५४ साली मिलानमध्ये नाट्टा यांनी पॉलिप्रॉपिलीन बनविले. पाणी, आम्ल, कुजणे, कशालाच ही मंडळी सहसा दाद देत नाहीत. पण जो गुण, तोच दोष. ती डिंकालाही दाद देत नाहीत.

याचे कारण अमेरिकी नौदलाच्या संशोधनशाळेत विल्यम झिस्मन यांनी मोजून दाखविले. प्रत्येक पृष्ठभागाची एक मर्यादा असते. द्रवाचा पृष्ठताण तिच्याहून अधिक असला की द्रव पसरत नाही, थेंब होऊन बसतो. पॉलिथिलीनची मर्यादा दर सेंटिमीटरला सुमारे ३१ डाइन, टेफ्लॉनची अवघी १८; पाण्याचा ताण ७२. इपॉक्सीचाही ताण या मर्यादांपेक्षा जास्तच. जो पसरतच नाही, तो पकड काय घेणार?

१९४२ साली हॅरी कूव्हर यांच्या हाती लागलेला सायनोॲक्रिलेट डिंक १९५८ साली बाजारात आला. क्षणात बोटे चिकटविणारा हा डिंक मिळतो मात्र पॉलिथिलीनच्या बाटलीत! त्या बाटलीतच सारा धडा आहे.

मग उपाय कोणता? डिंक बदलण्याआधी पृष्ठभाग बदलावा. पॉलिप्रॉपिलीनवरून निळी ज्योत क्षणभर फिरविली, किंवा १९५१ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये आयस्बी यांनी काढलेल्या रीतीने विजेचा झोत दिला, की वरच्या थरात प्राणवायू जोडला जातो आणि डिंक पसरतो. सायनोॲक्रिलेटपूर्वी लावायचे प्रायमरही मिळते. टेफ्लॉनला सोडियमची प्रखर प्रक्रिया लागते; ते घरचे काम नव्हे. फुटक्या बादलीला तर डिंकापेक्षा उष्णतेचा सांधाच बरा.

आम्ही एका कारखान्यात गेलो होतो. पॉलिप्रॉपिलीनचे डबे चिकटेनात, म्हणून मालकाने अधिकाधिक उग्र सोल्यूशन आणविले. बायकांना घेरी येऊ लागली. डबे सुटतच राहिले. ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टायरीन द्रावकात विरघळून जुळते. पॉलिप्रॉपिलीन साध्या तापमानाला नेहमीच्या कोणत्याही द्रावकात विरघळत नाही. म्हणजे तो वास निव्वळ फुप्फुसांसाठी होता! वाटाघाटीत आम्ही दोन मागण्या ठेवल्या: ज्योतीचा बर्नर आणि हवा खेचणारा पंखा. दोन्ही मिळाल्या. डबे चिकटले, घेरी थांबली.

इटलीत बेन्झीनच्या सोल्यूशनने पादत्राणे जोडणाऱ्या कारागिरांना रक्ताचा कर्करोग होत असल्याचे दिसले. तेथे १९६३ साली कायद्याने त्या वापराला आळा बसला. तोवर किती जीव खर्ची पडले असतील!

तात्पर्य, डिंक निवडताना तीन प्रश्न विचारावेत. वस्तू कशाची आहे? तिचा पृष्ठभाग तयार केला आहे का? आणि डिंकाचा वास कोणाच्या नाकात जाणार आहे? पहिले दोन शास्त्रज्ञांनी शिकविले. तिसरा आपणच विचारावयाचा आहे.