पोटाची साक्ष

मराठीत जठर, आतडी आणि गर्भाशय या तिन्हींना मिळून एकच शब्द पुरतो : पोट. पोट बिघडतं, पोटात कळ येते आणि पोटात बाळही असतं. गरोदर बाईला आपण पोटुशी म्हणतो. सुनेला दोन दिवस जेवण नकोसं झालं की घरातल्या बायका एकमेकींकडे बघून हसतात. पाळी चुकायला अजून अवकाश असतो, पण पोटानं साक्ष दिलेली असते. या साक्षीवर माणसानं हजारो वर्षं भरवसा ठेवला. ती कितपत खरी, याचा उलगडा व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं.

चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाच्या खुणा दोन वेगळ्या अध्यायांत येतात. दुसऱ्या अध्यायात नुकत्याच राहिलेल्या गर्भाच्या खुणा आहेत : सारखी थुंकी येणं, अंग जड होणं, गळून जाणं, झापड, रोमांच, छातीशी अस्वस्थता आणि तृप्ती, म्हणजे पोट भरल्याची भावना. चौथ्या अध्यायातली यादी सुरू होते ती पाळी न येण्यापासून. मग तोंडाला पाणी सुटणं, अन्नावरची वासना जाणं, उलटी, आंबटाची ओढ. ही दुसरी यादी आजची कुठलीही डॉक्टर ओळखेल. पहिली यादी मात्र अनेक बायका दर महिन्याला अनुभवतात, गर्भ असो वा नसो.

साक्ष चुकली तर काय होतं, याचं एक उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. राणी मेरी ट्यूडरनं जुलै १५५४मध्ये, वयाच्या ३८व्या वर्षी, स्पेनच्या फिलिपशी लग्न केलं. काही आठवड्यांतच पाळी थांबली, मळमळ सुरू झाली, पुढे पोटही वाढलं. वारस झाला तर देश कॅथलिक राहणार होता; नाहीतर गादी सावत्र बहीण एलिझाबेथकडे, म्हणजे प्रोटेस्टंटांकडे जाणार होती. एप्रिल १५५५मध्ये राणी बाळंतपणासाठी हॅम्प्टन कोर्टात राहायला गेली. ३० एप्रिलला मुलगा झाल्याची आवई उठली आणि लंडनमध्ये घंटा वाजल्या. मूल झालंच नव्हतं. ऑगस्टपर्यंत पोट ओसरलं, दरबार हलला. मेरीला नेमकं काय झालं होतं, यावर आजही एकमत नाही. १५५८मध्ये ती वारली आणि एलिझाबेथ राणी झाली. मेरीच्या बाबतीत तर पाळीनंही खोटी साक्ष दिली होती. पाळी चुकण्याआधीच्या खुणा त्याहून कच्च्या.

त्या कच्च्या का, याचं उत्तर अंडाशयातल्या एका पिवळ्या पुंजक्यात होतं. स्त्रीबीज बाहेर पडल्यावर मागे उरतो तो हा पीतपिंड. १९०३मध्ये लुडविग फ्रेंकेल यांनी सशांच्या माद्यांमधले पीतपिंड नष्ट केले, तेव्हा गर्भ टिकेनात. १९२९मध्ये अमेरिकेत जॉर्ज कॉर्नर आणि विलर्ड ॲलन यांनी पीतपिंडाचा अर्क टोचून अंडाशय काढलेल्या सशिणींचे गर्भ टिकवून दाखवले. १९३४मध्ये त्यातलं संप्रेरक शुद्ध रूपात हाती आलं : प्रोजेस्टेरॉन.

प्रोजेस्टेरॉन गर्भाशयाचे स्नायू सैल ठेवतं, आणि आतड्यांचे स्नायूही त्याच जातीचे. त्यामुळे पचन मंदावतं, पोट गच्च होतं, शौचाला साफ होत नाही, आंबट ढेकर येतात. स्त्रीबीज फळलं असो वा नसो, पीतपिंड साधारण चौदा दिवस हे काम करत राहतो. फळलेलं बीज गर्भाशयात रुजतं ते बहुधा आठव्या ते दहाव्या दिवशी. त्यानंतरच एचसीजी नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं आणि पीतपिंडाला थांबू देत नाही. ओळखीच्या मळमळ-उलट्या तर बहुतेकींना पाळी चुकल्यानंतरच सुरू होतात. तोवर दोन्ही शक्यतांत पोट एकच गोष्ट सांगत असतं.

म्हणून पोटाला विचारणं सोडून लघवीला विचारायची पद्धत आली. १९२७-२८मध्ये बर्लिनला अशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी वयात न आलेल्या उंदरांच्या माद्यांना टोचून, त्यांची अंडाशयं उघडून बघायला सुरुवात केली. निकालाला जवळपास पाच दिवस लागत. १९७७मध्ये अमेरिकेतल्या दुकानांत घरी करायची चाचणी आली. आज आपल्याकडे कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये ती मिळते.

तरी ते दोन आठवडे उरतातच. त्या दिवसांत पोट फुगलं म्हणून किती घरांत पेढ्यांचा विषय निघाला असेल, आणि पाळी आल्यावर 'हिला राहतच नाही' असं ऐकून घ्यावं लागलं असेल! बाईनं काही लपवलं नव्हतं, तिला भासही झाला नव्हता. पोट खरंच जड होतं. त्याचा अर्थ मात्र घरानं लावला होता.